एक दिवस सिंत्र्याचा

श्रोतेहो, सिंत्रा हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावरून गेलं असेल. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिच्या वायव्येला पंचवीस-तीस किलोमीटरवर, अटलांटिक समुद्राच्या काठाशी एक डोंगररांग उठली आहे आणि तिच्या उतारावर हे गाव बसलं आहे. डोंगर फार उंच नव्हे. सर्वांत उंच माथा सुमारे ५२८ मीटर, म्हणजे आपल्या माथेरानहूनही ठेंगणा. पण समुद्रावरचं वारं या डोंगराला अडतं, ढग माथ्यावर रेंगाळतात, आणि लिस्बन उन्हाने तापलेलं असताना सिंत्र्यात झाडांवरून पाणी ठिबकत असतं. या गारव्यासाठी पोर्तुगालचे राजे उन्हाळ्यात इथे येऊन राहत. राजे आले म्हणून सरदार आले, सरदारांमागून धनिक आले, आणि त्या एका डोंगरावर इतके वाडे नि इतक्या बागा झाल्या की १९९५ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घातला.

आता तुम्ही म्हणाल, त्या परदेशी वाड्यांचं आम्हांला काय कौतुक? प्रश्न रास्त आहे. पण त्याच देशाचा अंमल गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत होता. वसई त्यांच्याकडे होती, ती चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतली. मुंबईही त्यांचीच, आणि ती त्यांनी लग्नात आंदण देऊन टाकली. तेव्हा त्यांच्या घरात डोकावून पाहण्याचा थोडा हक्क आपल्यालाही पोचतो.

मी गेलो तो काही अभ्यासदौरा नव्हता. माझा मेहुणा लिस्बनला नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने आम्हां उभयतांना आणि आपल्या वडिलांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बोलावून घेतलं. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. वाई तालुक्यात अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला माणूस. वय सत्त्याहत्तर, दृष्टी शाबूत, स्मरण त्याहून शाबूत, फक्त गुडघे गेलेले. लिस्बनच्या रोसियू स्टेशनातून सिंत्र्याला आगगाडी जाते, सुमारे चाळीस मिनिटं लागतात आणि भाडंही बेताचं. ज्याचे पाय धड आहेत त्याने तसंच जावं. पण अण्णांना चढ झेपणार नाही म्हणून मेहुण्याने एका दिवसासाठी स्वतंत्र गाडी आणि वाटाड्या ठरवला. त्याला किती पडले ते मी इथे सांगत नाही. अण्णांनाही ते अजून कळलेलं नाही.

वाटाड्या पंचावन्नच्या आसपासचा, बुटका, हसतमुख गृहस्थ. गाडी तोच चालवणार आणि माहितीही तोच सांगणार. इंग्रजी चांगलं. त्याने दिवसाचा क्रम सांगितला: आधी डोंगरावरचा राजवाडा, मग गावातला, दुपारी युरोपच्या पश्चिम टोकाचा कडा, संध्याकाळी समुद्रकाठाने कश्काइश आणि तिथून लिस्बनला परत. मी म्हटलं, "वाटेत पेन्या वेर्द नावाची एक जुनी वाडी आहे, तेवढी दाखवा." तो म्हणाला, "ती खाजगी आहे, प्रोफेसर. बाहेरून दाखवीन." एवढ्यात मागच्या बाकावरून अण्णांनी मराठीत विचारलं, "काशियश वाटेत आहे का, विचारा बरं."

वाटाड्याला नाव कळलं. मान हलवून तो म्हणाला, "परतीच्या रस्त्यावरच आहे. पण तिथे बघण्यासारखं काही नाही. एक स्टेशन आहे आणि एक तुरुंग."

मी ते अण्णांना सांगितलं. ते "बरं" एवढंच म्हणाले. मी इतिहासाचा एम. ए.; त्या वेळी मला पुढचा प्रश्न सुचायला हवा होता. सुचला नाही. माझं लक्ष डोंगराकडे होतं.

डोंगरावरच्या वाड्याचं नाव पेना. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की वाडा कुठे आहे हे पाटीवरून समजायचं. उद्यानाच्या दारापासून वर एक छोटी बस नेते. प्रवेशाच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकली की पंचाईत. बसमधून उतरलो आणि धुकं क्षणभर फाटलं, तर समोर एक बुरूज गडद लाल आणि दुसरा हळदीसारखा पिवळा! पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावीत तशी कुणीतरी आख्खी इमारत रंगवलेली. माझी पत्नी म्हणाली, "हा राजवाडा की जत्रेतला देखावा?"

तिचं अगदीच चुकलं नव्हतं. या माथ्यावर मुळात सोळाव्या शतकातला एक मठ होता. १७५५ च्या भूकंपात तो बराचसा ढासळला. १८३४ साली पोर्तुगालच्या सरकारने साधूंचे संघ मोडून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. त्याच हुकुमाने पुढे जुन्या गोव्यातलेही मठ ओस पडले, आणि तिथले पडके मनोरे आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. इथला रिकामा मठ १८३८ साली फेर्नांदू नावाच्या जर्मन राजपुत्राने विकत घेतला. हा राणी दुसरी मारिया हिचा नवरा. राज्य बायकोचं, यांच्या वाट्याला हौस. त्यांनी एश्वेगे नावाच्या जर्मन खाण-इंजिनियराला हाताशी धरलं आणि मनात येईल ते बांधलं. एका कमानीला अरबी वळण, दुसरीवर शिंपल्यांतून उठणारा अर्धा मासा अर्धा माणूस असा राक्षस, कुठे किल्ल्याचे चर्ये, कुठे घुमट. लाल भाग तो जुना मठ, पिवळा तो नवा वाडा, एवढी खूण लक्षात ठेवली की घोटाळा होत नाही. जाणकार लोक या बांधणीवर पुस्तकं लिहितात. मला विचाराल तर बाहेरून तो वाडा पाहताना मौज वाटते आणि आत गेल्यावर जीव गुदमरतो. प्रत्येक खोलीत इतकं सामान की माणसांनी राहायचं कुठे?

अण्णांना मात्र स्वयंपाकघर आवडलं. तांब्याची भांडी ओळीने मांडलेली, लखलखीत. त्यांनी एक पातेलं वाकून आतून पाहिलं आणि विचारलं, "कल्हई कोण करतं?" वाटाड्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. १९१० साली राज्यक्रांती झाली तेव्हा राणी आमेली याच वाड्यात होती आणि इथूनच निघून ती देशोधडीला लागली, ही हकीकत तो मोठ्या रंगात सांगत होता; पण कल्हईपुढे त्याची गाडी अडली.

गावातला वाडा याहून जुना आणि माझ्या मते पुष्कळ सरस. दुरूनच त्याची दोन पांढरी धुराडी दिसतात, उलट्या नरसाळ्यासारखी, प्रत्येकी ३३ मीटर उंच. दोन्ही स्वयंपाकघराची. एका दालनाच्या छतावर पक्षी रंगवलेले आहेत, चोचीत राजाचं ब्रीद धरलेले. एकूण १३६. गोष्ट अशी सांगतात की राजाने एका दासीचा मुका घेतला तो राणीने पाहिला, दरबारच्या बायकांत कुजबूज सुरू झाली, तेव्हा राजाने जितक्या बायका तितके बडबडे पक्षी छतावर काढवले. ऐकायला बरी आहे. भिंतींना रंगीत फरशा, निळ्या, हिरव्या, पांढऱ्या. अशा फरशा तुम्ही गोव्यात पाहिल्या असतील.

पण मला त्या वाड्यातली एक साधी खोली विसरता येत नाही. सामान जवळजवळ नाही. खाली जुन्या फरशा, त्याही ठिकठिकाणी झिजलेल्या. या खोलीत सहावा अफोंसो नावाचा राजा १६७४ पासून १६८३ पर्यंत, मरेपर्यंत, कोंडलेला होता. लहानपणच्या दुखण्याने त्याचं अर्धं अंग लुळं झालं होतं. धाकट्या भावाने आधी कारभार घेतला, मग त्याच्या बायकोशी लग्न केलं आणि शेवटी त्याला इथे आणून ठेवलं. येरझाऱ्या घालून घालून त्याच्या पायांनी या फरशा झिजल्या, असं सांगतात.

वाटाड्याने एवढं सांगून पुढे जोडलं, "याची बहीण कॅथरिन. इंग्लंडच्या राजाला दिली होती. इंग्रजांना चहा प्यायला तिनेच शिकवलं!"

श्रोतेहो, मी तिथेच थबकलो. कॅथरिन! इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिच्या लग्नाचा करार १६६१ साली झाला आणि त्या करारात आपली मुंबई आंदण म्हणून लिहिली गेली. तेव्हा कारभार आईच्या हाती होता, पण राजा म्हणून नाव याचंच. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं. त्यांनी इतकी टाळाटाळ केली की इंग्रजांच्या हाती मुंबई पडायला १६६५ साल उजाडलं. पुढे १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. आणि त्याच १६६८ साली इकडे भावाने अफोंसोच्या हातून कारभार काढून घेतला. ज्याच्या नावाने मुंबई गेली, त्याच्याकडे शेवटी ही एवढी खोली राहिली.

हे मी वाटाड्याला सांगितलं. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "आम्हांला चहाचं शिकवतात. मुंबईचं कुणी सांगत नाही." त्यात त्याचा दोष नाही. वाटाड्या आपल्या गावाला जे आठवतं तेच दाखवणार. आपल्या गावाचं तिथे काय पडलं आहे हे त्याला कसं ठाऊक असणार? तेव्हा कधी स्वतंत्र वाटाड्या घेऊन हिंडायची वेळ आली, मग ते रायगडावर असो की रोममध्ये, तर आपली चिठ्ठी आपण लिहून न्यावी. पैसे मोजून जे मिळतं ते एवढंच की गाडी आपण म्हणू तिथे थांबते. कुठे थांबायचं ते आपल्यालाच माहीत हवं.

दुपारी एका खानावळीत बसलो. गावचं नावाजलेलं पक्वान्न केजादा, ताजं चीज, साखर आणि दालचिनी घालून केलेली लहानशी वाटी. अण्णांनी पहिलाच प्रश्न केला, "अंडं आहे का?" होतं. मग त्यांनी पाव आणि ऑलिव्हवर भागवलं. "पाव" हा शब्द ऐकून वाटाड्या दचकला. तिथेही पावाला जवळपास तसंच म्हणतात. मग आमचा खेळच सुरू झाला. चावी, बटाटा, अननस, काजू, घमेलं, पिंप, लिलाव, पगार: मी एकेक शब्द टाकावा आणि त्याने टेबलावर थाप मारावी. "पगारसुद्धा आम्हीच दिला का?" तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "शब्द दिलात. रक्कम द्यायची राहिली."

जेवण झाल्यावर निघालो ते पेन्या वेर्दकडे. झाडीतून अरुंद रस्ता जातो, दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या भिंती. एका बंद फाटकापाशी गाडी थांबली.

ही वाडी जुआंव द कास्त्रो याची. हा गृहस्थ १५४५ साली पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होऊन गोव्यात आला आणि १५४८ साली गोव्यातच वारला. त्याआधी १५३८-३९ च्या सुमारास तो गोव्याहून दीवपर्यंत जहाजाने गेला होता. त्या प्रवासात त्याने कोकणचं एकेक बंदर टिपून, नकाशे काढून ठेवले; घारापुरीची लेणी पाहून त्यांचंही वर्णन लिहिलं. तलवार बाळगणारा, पण चौकस आणि लिहिता माणूस. १५४६ साली दीवचा वेढा त्याने उठवला. किल्ला मात्र पार मोडला होता आणि दुरुस्तीला पैसा नव्हता. तेव्हा त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले! लोकांनी पैसे दिले आणि केस साभार परत केले.

ही गोष्ट अण्णांना सांगितली तर त्यांना काही नवल वाटलं नाही. "आपल्याकडे मिशीचा केस गहाण ठेवत. चाल तीच," ते म्हणाले.

या वाडीतली फळझाडं कास्त्रोने तोडवली आणि रानझाडं लावली, म्हणजे या जमिनीतून आपल्याला दमडीचा नफा होऊ नये, असं त्याच्या चरित्रात सांगतात. वाटाड्याला ही झाडांची कथा ठाऊक होती. त्याला ठाऊक नव्हता तो दगड. सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख, विक्रम संवत १३४३ चा, म्हणजे इसवी सन १२८७ चा. गुजरातच्या वाघेला घराण्यातल्या सारंगदेवाच्या कारकिर्दीत त्रिपुरांतक नावाच्या एका शैव आचार्याने तिथे शिवाची देवळं बांधली, त्याची ही प्रशस्ती. कास्त्रोबरोबर हा दगड पोर्तुगालला आला आणि या वाडीत बसवला गेला, असं मानतात. ब्यूलर या जर्मन पंडिताने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'एपिग्राफिया इंडिका'त छापला, म्हणून तो अभ्यासकांत सिंत्रा-प्रशस्ती याच नावाने ओळखला जातो. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळचा एक शिलालेखही असाच सिंत्र्याला पोचलेला आहे. अपरादित्य आपला ठाण्याकडचा. त्याचा दगड केवढी मजल मारून गेला पाहा!

वर्गात हा लेख मी पुष्कळदा शिकवला आहे. आणि आता मधे एक फाटक. मी फटीतून पाहिलं; झाडं दिसली, पायवाट दिसली. घंटी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. पत्नी म्हणाली, "पुरे आता." मी भिंतीवर हात ठेवून उगाच उभा राहिलो. अडाणी भाविकासारखा, असं पुढे मला माझंच हसू आलं.

तेव्हा अण्णा गाडीतून उतरून काठी टेकत आले. वाटाड्याकडे वळून म्हणाले, "याला सांगा, मेणवलीला घंटा आहे."

वाईजवळ मेणवली, नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. तिथल्या देवळापाशी जी मोठी घंटा आहे ती वसईकडच्या चर्चमधून, मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र उठवलेलं आहे. अण्णांनी दरवर्षी शाळेची सहल तिथे नेली आणि प्रत्येक वर्षी पोरांना ते चित्र दाखवलं. मी हे सगळं वाटाड्याला उलगडून सांगितलं. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे आमची घंटा तुमच्याकडे आणि तुमचा दगड आमच्याकडे. फिटंफाट झाली."

"फिटंफाट कशी?" अण्णा म्हणाले. "आमच्याकडची घंटा कुणीही पाहावी. यांचा दगड कुलपात आहे."

यावर वाटाड्याने फाटकाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. पण खिशातून वही काढून त्याने 'सोमनाथ' हे नाव उतरवून घेतलं.

काबू द रोका हे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. सुमारे १४० मीटर उंचीचा उभा कडा, वर दीपगृह, आणि एक दगडी खांब. खांबावर कामोंइश या त्यांच्या महाकवीचं वचन कोरलं आहे. हा कवी १५५३ साली गोव्याला आला होता आणि पुढची कित्येक वर्षं पूर्वेकडेच होता. वारा असा की अण्णांची टोपी मी धरली आणि मला माझ्या पत्नीने धरलं. तुम्ही या टोकाला येऊन गेलात असा दाखला तिथे पैसे घेऊन देतात. मी घेतला नाही. तिथून हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजांतल्या खलाशांना मायदेशाचा शेवटचा दिसायचा तो हा सिंत्र्याचा डोंगर. पुढे आफ्रिकेला वळसा, सहा महिन्यांवर प्रवास, आणि कित्येकांना परतीची वाट नाहीच. आपण त्या लोकांना तोफा घेऊन आलेले असेच ओळखतो, आणि ते खरंही आहे. पण त्या कड्यावर उभं राहिल्यावर वाटलं की त्यांतही अठरा-वीस वर्षांची, खेड्यातून उचलून आणलेली पोरं असणारच.

कश्काइशबद्दल फारसं सांगत नाही. मूळचं कोळ्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात राजा समुद्रस्नानाला येऊ लागला आणि गावाचं नशीब पालटलं. किनारा स्वच्छ आहे, होड्या रंगीत आहेत. रत्नागिरीकडचा माणूस तिथे पाच मिनिटांत कंटाळेल.

नोव्हेंबरचे दिवस, सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य बुडाला. समुद्राला लागून लिस्बनकडे जाणाऱ्या रस्त्याने परत निघालो. इश्तोरील मागे पडता पडता वाटाड्याने पाण्याच्या कडेचा एक जुना किल्ला दाखवला. "सालाझार उन्हाळ्यात इथे राहायचा. १९६८ साली इथेच खुर्चीवरून पडला, डोक्याला मार बसला आणि त्याची सत्ता संपली. नवा पंतप्रधान नेमला गेला, पण म्हाताऱ्याला कुणी सांगितलंच नाही. १९७० साली मरेपर्यंत तो स्वतःला पंतप्रधानच समजत होता."

सालाझार हे नाव अण्णांना दुभाष्यावाचून कळलं. ते पुढे सरकून बसले. म्हणाले, "याला विचारा, गोव्याचं काही आठवतं का?"

वाटाड्या थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझे वडील तिथे होते. सक्तीच्या लष्करी नोकरीवर. बावीस वर्षांचे."

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्व्हा याने तो मानला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती दिली. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक कैद झाले. सालाझारने पुढे त्या गव्हर्नरला लष्करातून काढून टाकलं. वाटाड्या म्हणाला, "त्या माणसाने हुकूम मोडला म्हणून मी जन्मलो. वडील गोव्यातल्याच छावणीत होते. मे १९६२ मध्ये घरी आले. पाच महिने. भात खाऊन खाऊन कंटाळलो, एवढंच सांगायचे. मारहाणीचं कधी काही बोलले नाहीत."

मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं. पोरगं घरी आलं. आता काशियश कुठे आहे?"

आणि तेव्हा, श्रोतेहो, माझ्या डोक्यात उजेड पडला. मोहन रानडे!

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना हे नाव सांगायला नको. तरुण शिक्षकांसाठी सांगतो. सांगलीचे हे गृहस्थ गोव्यात सावईवेरे इथे मराठी शिकवायला शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात शिरले, आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली. त्यांना पोर्तुगालला नेऊन काशियशच्या तुरुंगात ठेवलं. १९६१ साली गोवा मोकळा झाला, रानडे झाले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी समिती झाली, सुधीर फडक्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. शेवटी जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. पकडल्यापासून तेरा वर्षं उलटून गेली होती. त्यांनी आपली हकीकत 'सतीचे वाण' या पुस्तकात लिहिली आहे. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते वारले.

अण्णा तेव्हा अध्यापक विद्यालयात शिकत होते. सुटकेची बातमी प्राचार्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखवली आणि म्हणाले, "हा तुमच्याच धंद्यातला माणूस." सत्तावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. काशियश हे नाव अण्णांनी तेव्हापासून लक्षात ठेवलं होतं, आणि सकाळी ते 'बरं' म्हणून गप्प बसले होते.

वाटाड्याने गाडी हमरस्त्यावरून आत वळवली. चढावर अंधारात एक लांबलचक भिंत, तारा, दिवे. आजही तिथे तुरुंगच आहे, तेव्हा जवळ जाता येत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. अण्णा खाली उतरले, टोपी नीट केली आणि काठीवर भार देऊन उभे राहिले. फार तर दोन मिनिटं. खाली समुद्राजवळून लिस्बनची आगगाडी गेली, तिचा आवाज वर आला.

वाटाड्याने मला हळूच विचारलं, "कोणी नातेवाईक होते का?"

मी म्हटलं, "नाही. शाळामास्तर होते." मग सगळी हकीकत सांगितली. सालं सांगितली. तो बोटांवर मोजत होता. "माझे वडील बासष्ट साली आले," तो म्हणाला. "आणि हे एकोणसत्तर?"

"हो."

"सगळे कैदी सोडले ना तुम्ही, बासष्ट साली?"

"सगळे."

तो काही बोलला नाही. वही काढली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाला, "नाव लिहून द्या. उच्चार येईल असं." मी लिहायला लागलो तर अण्णांनी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि फळ्यावर लिहावं तशा मोठ्या, सुट्या रोमन अक्षरांत नाव लिहिलं, खाली वर्षं लिहिली, आणि वाटाड्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. पहिल्या खेपेला तो 'रानाद' म्हणाला. दुसऱ्या खेपेला बरोबर आलं.

ठरल्यापेक्षा तास-सव्वा तास जास्त झाला होता. घरापाशी सोडताना तो जादा पैसे घेईना. अण्णांनी त्याला घ्यायला लावले.